साक्षगंधाआधीचे मौन

तिला पाचवा महिना लागला, तेव्हा आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. गरोदर मातांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत एचआयव्हीची तपासणीही होते. तीत शंका आली, उपजिल्हा रुग्णालयात पुन्हा रक्त तपासले गेले आणि निदान पक्के झाले. लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. सासरच्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी आणून सोडले, आणि पोरीने रोग माहेराहूनच आणला अशी बोलवा आठवडाभरात दोन्ही गावांत पसरली. पुढे महिनाभराने तिचे उरलेले कपडे आणायला गेलेल्या भावाच्या हाती नवऱ्याचे उपचाराचे पुस्तक लागले. त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातील एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राचा शिक्का होता, पहिली नोंद लग्नाच्या दोन वर्षे आधीची होती आणि लग्नानंतरचे जवळजवळ सगळे रकाने कोरे होते.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा समितीकडून येणारी प्रकरणेही पाहतो. हे प्रकरण त्या वाटेने माझ्याकडे आले. ओळख पटेल असा तपशील मी वगळला आहे, पण दोन वाक्ये होती तशी देतो. मुलीचे वडील म्हणाले, "त्याहीले समदं मालूम होतं, वकीलसाहेब, मंग आमाले कावून नाही सांगतलं?" आणि दोन्ही घरांच्या बैठकीत मुलाच्या आईने, मान खाली घालून, दिलेले उत्तर असे होते : "सांगतलं असतं त पोरगी कोनं देल्ली असती?"

जीवघेणा रोग जाणूनबुजून दुसऱ्याला देणाऱ्याची जबाबदारी काय, या प्रश्नाची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे. माझे मत आधीच सांगतो. रोग होणे हा कोणाचाही अपराध नाही, पण रोग ठाऊक असताना दुसऱ्याचा निर्णय घेण्याचा हक्क हिरावून घेणे हा अपराध आहे, आणि तो एकट्या रोग्याचा असेलच असे नाही. ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांना सांगता येत होते, त्या सगळ्यांमध्ये तो ज्याच्या त्याच्या ताकदीच्या प्रमाणात वाटला गेला पाहिजे. आपला कायदा आणि आपली गावे ही वाटणी आज चुकीची करतात, असे मला वाटते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २६९ आणि २७० ही दोन कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीच २७१ आणि २७२ या क्रमांकांनी आली आहेत. जीविताला धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे, हे ठाऊक असून किंवा तसे मानायला कारण असून निष्काळजीपणे कृत्य करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तेच कृत्य दुष्टबुद्धीने करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. या कलमांसाठी प्रत्यक्षात कोणाला रोग झालाच पाहिजे अशी अट नाही. पसरण्याचा संभव पुरेसा आहे. एका अर्थी कलम फार व्यापक आहे आणि दुसऱ्या अर्थी फार तोकडे. जिचे आयुष्य बदलले तिच्यासाठी त्यात काहीच नाही, कारण शिक्षा आरोपीला होते आणि भरपाईचा विचार कलमात कुठेही नाही.

न्यायालयांनाही हा प्रश्न जुनाच आहे. १८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. उपदंश असलेल्या एका वेश्येकडून तिच्याकडे आलेल्या पुरुषाला रोग झाला होता. तो स्वतः त्या कृत्यात सहभागी होता, म्हणून २६९ लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र खोटे सांगून त्याला राजी केले असेल, तर फसवणुकीचा विचार होऊ शकतो, असेही म्हटले. त्या निकालातली स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी आज कोणाला पटणार नाही. त्यातला कायद्याचा मुद्दा मात्र मला मोलाचा वाटतो. दोन प्रौढ माणसे जोखीम समजून एकत्र येतात तेव्हा ती जोखीम दोघांची असते, आणि एकाने दुसऱ्याला ती कळूच दिली नाही तेव्हा तिथे फसवणूक सुरू होते. आमच्या प्रकरणातल्या मुलीने लग्नाला होकार दिला होता, रोगाला दिला नव्हता. न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात, अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हीदेखील फसवणूक आहे, असे स्पष्टीकरण आहे, आणि शरीराला, मनाला किंवा लौकिकाला होणारी हानीही त्या कलमाच्या व्याख्येत येते. रोग पसरवण्याच्या कलमापेक्षा हे कलम घडलेल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते. शिवाय फसवणूक संगनमताने झाली असेल, तर ते घरातल्या इतर जाणत्यांपर्यंत पोहोचू शकते. पहिली दोन कलमे सहसा रोग्याच्या पलीकडे जात नाहीत.

आता एचआयव्हीपुरता वेगळा कायदा आहे. तो २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याआधी १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका रक्तदात्याचे प्रकरण गेले होते. रुग्णालयाने त्याची बाधा उघड केल्यामुळे त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही आणि होणाऱ्या वधूच्या जिवाला असलेला धोका त्याहून मोठा आहे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. पुढे जाऊन, अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो असेही म्हटले, आणि हे दुसरे विधान अनावश्यक होते असे २००२ साली स्वतःच स्पष्ट केले. सांगणे आणि लग्नच करू न देणे यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे. बाधित माणसाने लग्न करू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. बाधित स्त्री-पुरुष एकमेकांशी लग्ने करतात, आणि सगळे ठाऊक असून बाधित नसलेली माणसेही करतात. प्रश्न फक्त ठाऊक असण्याचा आहे.

२०१७ च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटी पाळून रुग्णाच्या जोडीदाराला बाधेविषयी सांगू शकतो : जोडीदाराला मोठा धोका आहे अशी त्याची खात्री असली पाहिजे, रुग्णाला समुपदेशन झालेले असले पाहिजे, रुग्ण स्वतः सांगणार नाही हे दिसले पाहिजे आणि आपण सांगणार आहोत हे रुग्णाला आधी कळवलेले असले पाहिजे. तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. पण या कायद्यात जोडीदाराची व्याख्या आहे, आणि तीत पती किंवा पत्नी, वस्तुतः तसे राहणारी व्यक्ती आणि विवाहसदृश नात्यातील व्यक्ती एवढेच येतात. जिचे साक्षगंध झाले आहे, पत्रिका छापल्या आहेत, मंडपाची सुपारी दिली आहे, ती मुलगी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे समुपदेशकाला लग्नाच्या आदल्या दिवशी जे सांगता येत नाही, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगता येते. शहरात दोन माणसे लग्नाआधी वर्षभर एकमेकांना भेटत असतील, बोलत असतील. आमच्याकडे मुलगा-मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात अर्धा तास एकमेकांसमोर असतात आणि पुढचे सगळे मोठ्यांच्या बैठकीत ठरते. अशा ठिकाणी तिला खरे कळण्याची वेळ साक्षगंध ते लग्न एवढीच असते, आणि नेमक्या त्याच वेळी कायद्याचे दार बंद आहे. ही व्याख्या बदलून जिच्याशी विवाह ठरला आहे ती व्यक्ती तीत आणावी, अशी माझी पहिली मागणी आहे. त्याने लोक तपासणी केंद्राकडे पाठ फिरवतील, असा आक्षेप येईल. पण नवव्या कलमाच्या बाकीच्या अटी तशाच राहणार आहेत, आणि आधी रुग्णालाच सांगायची संधी मिळणार आहे. जोडीदाराला सांगण्याची मुभा आजही आहे; मला ती फक्त काही आठवडे अलीकडे आणायची आहे.

त्याच कायद्याचे दहावे कलम बाधित व्यक्तीवर कर्तव्य घालते. आपल्या बाधेविषयी समज असलेल्या व्यक्तीने संसर्ग टाळण्यासाठी सर्व वाजवी खबरदारी घ्यावी, आणि शरीरसंबंधापूर्वी सांगणे ही त्या खबरदारीची एक रीत आहे. हे कर्तव्य मोडल्यास या कलमात शिक्षा नाही. अनेकांना ती उणीव वाटते. मला ती वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या नवऱ्याच्या पुस्तकातल्या कोऱ्या रकान्यांत आहे.

त्याने गोळ्या का सोडल्या, हे त्याने मला नंतर सांगितले. लग्नाआधी तो महिन्याच्या ठरलेल्या दिवशी कामाचे निमित्त काढून दुसऱ्या जिल्ह्यात जाई आणि गोळ्या घेऊन येई. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात रांगेत गावचे कोणी भेटेल, म्हणून त्याने इतके लांबचे केंद्र निवडले होते. गोळ्यांची बाटली गोठ्यात कुटाराच्या पोत्यात ठेवलेली असे. लग्न झाल्यावर दर महिन्याला कुठे जाता, हे विचारणारे माणूस घरात आले. रोज रात्री गोठ्यात कशाला जाता, हे पाहणारेही तेच. म्हणून त्याने जाणे थांबवले, मग गोळ्या संपल्या. एआरटी भारतात २००४ पासून मोफत मिळते आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला सुरू केली जाते. नियमित घेतली, तर रक्तातले विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी होतात आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. एक बाधित आणि एक निरोगी अशा शेकडो जोडप्यांच्या युरोपातल्या अभ्यासांत, ज्यांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झाले, असा संसर्ग एकदाही आढळला नाही. म्हणजे या माणसाने तीच गोळी तिच्यासमोर, सांगून, रोज घेतली असती तर तिला रोग झाला नसता. त्याने लपवले म्हणून गोळी सुटली, आणि गोळी सुटली म्हणून रोग तिच्यापर्यंत पोहोचला. लपवण्याचे पाप इथे केवळ नैतिक राहिलेले नाही. शरीरात विषाणू वाढण्याचे कारणच ते आहे.

आता ही कारणांची साखळी उलट बाजूने पाहावी. ठाऊक असणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर ठाऊक नसणे सर्वांत सुरक्षित ठरते. जो तपासणीला गेला, ज्याने पुस्तक काढले, ज्याच्या नावावर नोंद झाली, तोच उद्या आरोपी. आणि ज्याने आयुष्यात सुई टोचून घेतली नाही, तो मोकळा. कडक फौजदारी कायदा आमच्याकडे गोठ्यातले पोते अधिक खोल करील. त्यात भर म्हणजे कोणाला कोणाकडून रोग झाला, हे सिद्ध करणे अवघड असते. विषाणूंची जनुकीय तुलना दोघांच्या विषाणूंत साम्य आहे इतके दाखवू शकते, पण कोणी कोणाला दिला हे खात्रीने सांगू शकत नाही. गावाला इतकाही पुरावा लागत नाही. ज्याची तपासणी आधी झाली त्याच्यापासून रोग सुरू झाला, असे गाव मानते. गरोदरपणामुळे नवऱ्याच्या आधी बायकोची तपासणी होते, आणि म्हणून आमच्याकडे दोषी ठरणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा ती असते जिला सर्वांत शेवटी कळले. तिच्या भावाला ते पुस्तक सापडले नसते, तर आजही तीच दोषी असती.

भीतीच्या काळात ही कलमे कशी वापरली जातात, याचाही अनुभव आपल्याला आहे. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत म्यानमारहून नागपुरात आलेल्या आठ नागरिकांवर साथ पसरवल्याचे गुन्हे दाखल झाले. त्यांच्या तपासण्यांत बाधा आढळलेली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरील कारवाई रद्द केली. रोग पसरवण्याच्या कलमाखाली, रोगच नसलेली माणसे महिनोन्महिने आरोपी म्हणून राहिली.

यापेक्षाही जुनी आठवण कुष्ठरोगाची आहे, आणि विदर्भाला ती कोणी सांगायला नको. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात कोंडण्याची मुभा होती. तो कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून २०१६ साली गेला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून तर २०१९ पर्यंत टिकले. बहुसंख्य माणसांमध्ये या रोगाविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, हे ठाऊक असतानाही कायदा बदलायला इतकी वर्षे लागली. त्याच वेळी याच भूमीत दुसरी वाटही चालू होती. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवनात आणि नंतर बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात ज्यांना जागा दिली, त्यांना रोग लपवण्याची गरज उरली नाही. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आपला रोग उघडा घेऊनच आश्रमाच्या दाराशी आले, गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतः केली, आणि त्यांची कुटी आजही तिथे दाखवतात. मला या इतिहासातून दिसते ते असे, की सांगितल्यावर आपल्याला जागा राहील याची खात्री असते तिथे माणसे सांगतात, आणि अशी खात्री देणे ज्यांच्या हाती आहे त्यांनाही जबाबदारीतून सुटका नाही.

म्हणून तो नवरा निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. त्याला समुपदेशन झाले होते, धोका ठाऊक होता, आणि बायकोला सांगण्यावाचून गोळ्या चालू ठेवता येत नाहीत हेही त्याच्या लक्षात आले होते. तरीही त्याने स्वतःची लाज तिच्या जिवाहून मोठी मानली. भीती हे त्याच्या वागण्याचे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. भीती मोठी होती म्हणून दोष कमी, हा हिशेब मी काही अंशी मान्य करतो. पण त्याला दोन वर्षे होती, आणि या दोन वर्षांत एकदा, समुपदेशकाच्या खोलीत, तिसऱ्या माणसाच्या मदतीने सांगायची सोय त्याच्यासाठी होती.

परंतु माझा राग त्याच्यापेक्षा त्याच्या घराच्या जाणत्या माणसांवर अधिक आहे. आईला ठाऊक होते. थोरल्या भावाला ठाऊक होते. मध्यस्थी करणाऱ्या पाहुण्यालाही निदान शंका होती, असे बैठकीत निघाले. लग्न एकदाचे झाले की सगळे ठीक होईल, असे त्यांना वाटत होते, आणि त्यातले ठीक होणे फक्त त्यांच्या मुलाचे होते. मुलगी त्यांच्यापेक्षा गरीब घरची पाहिली, दोन एकर कोरडवाहू असलेल्या बापाची, म्हणजे पुढे काही निघाले तर आवाज उठणार नाही. हा हिशेब कोणी बोलून दाखवला नाही, पण तो झाला होता, याविषयी मला शंका नाही. रोगी माणूस भीतीच्या दडपणाखाली असतो. घरच्यांवर तसे दडपण नव्हते. त्यांनी थंड डोक्याने दुसऱ्याची मुलगी जोखमीत घातली. आणि निदान झाल्यावर तिला माहेरी सोडून, रोग तिचाच म्हणून सांगणारेही तेच. दोषाची उतरंड मला करायला सांगितली, तर ठाऊक असून लग्न लावणाऱ्यांना मी सर्वांत वर ठेवीन.

ज्या बाधित स्त्रीने नवऱ्याला सांगितले नाही, तिचे काय, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. दहाव्या कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, त्याचे उत्तर आहे : सांगितल्यामुळे हिंसा होईल, घराबाहेर काढले जाईल किंवा तिच्या अथवा मुलांच्या सुरक्षिततेवर गंभीर परिणाम होईल अशी वाजवी भीती असलेल्या स्त्रीला ते कर्तव्य लागू होत नाही. पुरुषांच्या काही संघटनांना हा पक्षपात वाटतो. मला तो ताकदीच्या फरकाचा प्रामाणिक स्वीकार वाटतो. आपल्या कायद्यात विवाहांतर्गत बलात्कार अजून गुन्हा नाही. ज्या बाईला नाही म्हणण्याचा हक्कच कायद्याने दिलेला नाही, तिने खबरदारी घ्यावी असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तीही गोळ्या घेऊ शकते आणि तिने घ्याव्यात. तिचे कर्तव्य तिथपर्यंत आहे. मात्र जिच्या हाती घराची किल्ली आहे, पैसा आहे, जिला मारहाणीची भीती नाही, अशी स्त्री याच परंतुकामागे लपू लागली, तर मी तिच्या बाजूने उभा राहणार नाही.

क्षयरोगाकडे याच मापाने पाहिले, म्हणजे हे माप वापरण्याजोगे आहे की नाही, ते कळते. जिनिंगमध्ये हंगामाला लागलेला मजूर खोकतो आहे, थुंकीत जंतू सापडले आहेत, डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी रुईच्या ढिगावर हजर आहे. ठाऊक असून रोग पसरवणे हेच आहे. उपचार न घेणारा असा रुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना बाधित करू शकतो, आणि औषध सुरू केले तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. म्हणजे समाजाला त्याच्याकडून पंधरा दिवसांची विश्रांती आणि सहा महिन्यांच्या गोळ्या हव्या आहेत. निक्षय पोषण योजनेत त्याला आधी महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. ही रक्कम आहारासाठी आहे, बुडालेल्या मजुरीसाठी नाही. पंधरा दिवसांची मजुरी द्यायला जिनिंगचा मालक तयार नाही, सरकारकडे तशी तरतूद नाही, आणि मजुराच्या घरी चूल बंद. त्याच्या दोषाचा मोठा वाटा मी त्याच्यावरून उतरवून मालकाच्या आणि शासनाच्या खात्यावर टाकतो. मालकाने पंधरा दिवसांची मजुरी दिली आणि तरी तो कामावर आला, तर मग दोष पुन्हा त्याचा. खासगी डॉक्टरांचे मात्र असे नाही. क्षयरुग्णाची नोंद कळवणे त्यांना २०१२ पासून बंधनकारक आहे आणि न कळवल्यास दंड संहितेतली रोग पसरवण्याची तीच दोन कलमे लागू शकतात, असे केंद्र शासनाने २०१८ साली जाहीर केले आहे. त्यांना भीतीही नाही आणि उपाशी राहण्याचा प्रश्नही नाही.

याच न्यायाने, गावोगावी थैली घेऊन फिरणारा आणि एकाच सुईने दहा जणांना टोचणारा बोगस डॉक्टर मला कोणत्याही बाधित माणसापेक्षा मोठा गुन्हेगार वाटतो. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला अशा सुईने चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे समोर आले. २०२२ साली खुद्द नागपुरात, वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना, रक्त चढवण्यातून झाली असावी अशी बाधा आढळली आणि त्यांतले एक मूल दगावले. त्या मुलांना रक्त नाकारता येत नव्हते. जिथे घेणाऱ्याला निवड नाही आणि देणाऱ्याला ज्ञान आहे, तिथे कायद्याने पूर्ण वजनानिशी उतरले पाहिजे. पण पोलिसांचे लक्ष तिकडे क्वचित जाते.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. तिच्या बाजूने काय करता येईल हे पाहताना हिंदू विवाह कायद्यातली एक गोष्ट मला फार बोचली. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून फसवणुकीने संमती घेतली असेल, तर बाराव्या कलमाखाली लग्न रद्द होऊ शकते. त्याला दोन अटी आहेत. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज आला पाहिजे, आणि कळल्यानंतर ती आपल्या पूर्ण संमतीने नवऱ्याबरोबर पत्नी म्हणून राहिलेली नसली पाहिजे. अनेक बायका कळल्यानंतरही राहतात. नवरा आजारी असतो, त्याला कोणी पाहणारे नसते, पोटात मूल असते, माहेरी धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते. त्या त्याला दवाखान्यात नेतात, गोळ्या वेळेवर देतात, आणि कायदा या शुश्रूषेचा अर्थ तिने फसवणूक पत्करली असा लावू शकतो. ज्या कायद्यात तिची माणुसकीच तिच्याविरुद्ध पुरावा ठरते, तो बदलला पाहिजे. गंभीर रोग लपवल्याच्या प्रकरणात ही दुसरी अट नसावी, आणि वर्षाची मुदत निदान तीन वर्षांची असावी. फौजदारी शिक्षा वाढवण्यापेक्षा हा बदल मला कितीतरी अधिक निकडीचा वाटतो.

लग्नाआधी सर्वांची सक्तीने तपासणी करावी, असे ठराव काही ग्रामसभा उत्साहाने करू पाहतात. मी त्याला विरोध करतो. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, हे एक. शिवाय बाधा झाल्यापासून सुरुवातीच्या काही आठवड्यांत तपासणीत ती दिसतेच असे नाही, आणि गावाच्या कारभाऱ्यांच्या हाती गेलेला अहवाल संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतो. दोन्ही घरांनी, मुलाने आणि मुलीने, आपापल्या मनाने, समुपदेशकाकडे एकत्र जाऊन तपासणी करावी आणि ती बैठकीइतकी नेहमीची गोष्ट व्हावी, हे मात्र मला हवे आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत पूर्व विदर्भात असे थोडेफार घडू लागले आहे. लग्न जुळवताना तपासणीचे कार्ड विचारणारी घरे मी पाहिली आहेत. त्यासाठी उपजिल्हा रुग्णालयातली समुपदेशनाची खोली पडद्याची नको, दाराची हवी. आमच्याकडे ती अजून पडद्याची आहे.

तिने नियमित औषध घेतले. उपचार नसेल तर आईकडून बाळाला बाधा होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. मुलगा झाला, त्याला जन्मल्यापासून औषध दिले गेले आणि अठराव्या महिन्याच्या शेवटच्या तपासणीत तो निरोगी निघाला. नवऱ्यानेही पुन्हा गोळ्या सुरू केल्या आहेत.

खटला भरायचा का, असे मी तिला विचारले, तेव्हा नवऱ्याला तुरुंगात टाकून आपल्याला काय मिळणार, असे ती म्हणाली. तिच्या मागण्या तीन होत्या. औषधाला जाण्यायेण्याचे भाडे आणि पोटगी. मुलाच्या नावाने शेतात हिस्सा. आणि ज्या गावात सासूने रोग माहेरचा म्हणून सांगितले, त्याच गावात, चार बायांसमोर, तिने तो माहेरचा नव्हता असे सांगावे. पहिल्या दोन मागण्यांचे अर्ज मी केले आहेत. तिसरी मागणी अर्जात घालायला तिने मला नाही म्हटले. अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो, हे मी तिला समजावून सांगितले होते. न्यायालयाने सांगायला लावले तर ते सांगणे नव्हे, सासूने आपल्या तोंडाने सांगावे, असे तिचे म्हणणे आहे, आणि ती वाट पाहते आहे.